नदीच्या पुढचा धडा

बेबीनंदाच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते पत्र येऊन एकतीस वर्षं झाली. निळं आंतरदेशीय पत्र, आत पेन्सिलीचं अक्षर, आणि कडेचा डिंक धरला नाही म्हणून वर लावलेला भात. त्यातलं एक शीत अजून वाळून तिथंच बसलेलं आहे.

"सर, नदीचा धडा मी इथं येऊन पुरा केला. पुढचा धडा एकटीला कळत नाही. तुम्ही वर्गात वाचता तसा लिहून पाठवा. आम्ही भीमजयंतीच्या आत गावी येऊ. पत्ता मुकादमाच्या नावाने आहे. आपली विद्यार्थिनी बेबीनंदा, इयत्ता चौथी."

मी तेव्हा शहागडच्या जवळ, गोदावरीकाठच्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो. दसरा झाला की गावातली बरीच घरं ऊसतोडीला पश्चिमेकडे जायची आणि त्यांच्याबरोबर अर्धा वर्गही जायचा. तरी हजेरीत मी त्यांची नावं वाचत असे. नाव घ्यायचं, जरा थांबायचं, मग पुढचं नाव. बेबीनंदा शेवटच्या रांगेत खिडकीखाली बसायची. प्रश्न विचारला की उत्तर द्यायला तिला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा, आणि तिचं उत्तर आल्याशिवाय मला पान उलटावंसं वाटायचं नाही.

पुढचा धडा समुद्राचा होता.

मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. पण मी समुद्र पाहिलेला नव्हता. अजूनही पाहिलेला नाही. वर्गात हातात पुस्तक असतं, त्याच्या आड माणसाला उभं राहता येतं. पत्रात आडोसा नसतो, असं मला वाटलं. "समुद्र म्हणजे" एवढं लिहायचो आणि पेन थांबायचा. चार कागद फाडले. संक्रांत गेली, होळी गेली. जयंतीला टोळी परत आली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शेवटच्या रांगेतली खिडकीखालची जागा रिकामीच राहिली. मी घरी गेलो तर तिची आई म्हणाली, "लई मागं पडली सर. आता यायला लाजती."

पत्र मी शब्दकोशात ठेवलं. नंतर शब्द शोधताना ती पानं चुकवत आलो.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात नवीन जालन्यातल्या आमच्या घरासमोर एक स्कूटी थांबली. स्टेशनच्या मागची ही गल्ली. दोन्ही बाजूंना बियाण्यांच्या कंपन्यांची ऑफिसं आणि मधे आमच्या दोन खोल्या. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी हेल्मेट काखेत घेऊन दारात उभी राहिली.

"जय भीम सर. मी अक्षता. तुमच्या जुन्या शाळेवर लागले मागच्या साली. बेबीनंदाची मुलगी."

मी उठलो आणि परत बसलो. ताराने, म्हणजे माझ्या पत्नीने, तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि चहा टाकला.

"शाळेत आता भिंतीवर मोठा टीव्ही आहे सर," अक्षता सांगू लागली. "बटण दाबलं की धडा चालू. चित्रं हालतेत, गाणी होतेत. पोरं बी खूश. पण टीव्ही भिंतीला राहतो आन् पोरं कारखान्यावर जातेत. गेल्या साली नऊ गेल्ते. परत येऊन शाळेत चारच बसले. बाकीचे म्हणले, बाई, लई मागं पडलो. ह्या साली अकरा जाणारेत."

तिने पर्समधून एक डबी काढून टेबलावर उपडी केली. नखाएवढी काळी मेमरी कार्डं पसरली. एकेका कार्डावर पांढरी चिठ्ठी आणि तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरात एकेक नाव.

"तिथं रेंज नसती, रिचार्ज नसतो. पण घरटी एक फोन तर असतोच, अन् कार्डाला काय लागत न्हाई. सगळे धडे यात टाकून देते. दिवस मावळता आई-बाप पाचटाच्या कोपीवर आले की पोरं फोन घेतील, पुस्तक उघडतील अन् ऐकतील."

"मग टीव्हीतलाच आवाज भरावा," मी म्हणालो.

"भरून पाह्यला. त्यो आवाज लई पळतो. पोरं म्हणली, बाई, ती आपल्याशी बोलून न्हाई राह्यली, दुसऱ्याच कुणाशी बोलून राह्यली. म्हणून आईला इचारलं. आई म्हणली, मार्तंड सरांना वाचायला लाव. दुसरं नावच घेतलं न्हाई."

"माझा आवाज बारीक आहे. आता तर दमही लागतो."

"घरात तर ह्यांचा आवाज मीठ मागण्यापुरताच निघतो बाई," तारा चहा ठेवत म्हणाली. "एखाद्या दिवशी तर अळणीच खातेत."

अक्षता हसली. जाताना हेल्मेट घालता घालता तिला काहीतरी आठवलं.

"आईनं तुम्हाला कारखान्यावरून पत्र टाकल्तं म्हणे. पोचलंच न्हाई ते. आजी लई चिडवायची तिला, तुझ्या सरांनी कचऱ्यात टाकलं म्हणून. पण आई आजबी म्हणती, पोचलं असतं तर सरांनी जवाब दिलाच असता."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिथं काही बोलता आलं असतं. मी "हं" असा काहीसा आवाज काढला. पत्राविषयी तोंड उघडलं नाही, म्हणून मग धडे वाचायला "हो" म्हणालो.

आमच्या गल्लीत शांतता नावाची गोष्ट नाही. मालाच्या रिक्षा, मोटारसायकली, पलीकडे गाडीचे भोंगे. दुपारी दोन ते चार मात्र ऑफिसांची जेवणं होतात आणि उन्हामुळे रस्ता मिटतो. अक्षताने फोनवर सांगितलं होतं, जाड पांघरुणाच्या आत बसा, आवाज बराबर येतो. ताराने दोन खुर्च्यांच्या पाठीवर गोधडी टाकून दिली. मी पुस्तक, पाण्याचा तांब्या आणि फोन घेऊन आत शिरलो.

ती गोधडी ताराने तिच्या आणि माझ्या आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. दारातून येणारं ऊन तिच्यातून गाळून यायचं आणि माझ्या हातावर, पानावर डाळिंबी, हिरवे, हळदी तुकडे पडायचे. फोनवर एक तांबडा ठिपका लागायचा. तो लागला की आपण बोलायचं, एवढंच मला कळलं होतं. पहिल्या दिवशी तो ठिपका बघत मी कितीतरी वेळ गप्प बसलो. मग हळूच हजेरी घेतली. अक्षताने अकराही नावं लिहून दिली होती. प्रीती, म्हणालो आणि थांबलो. प्रितम, म्हणालो आणि थांबलो. अकराव्या नावापर्यंत माझ्याभोवती वर्ग बसलेला होता.

तसं ते पुढं रोजच होत गेलं. आत शिरलं की घर दूर जायचं. बाहेर तारा भांडी घासत असायची, तो आवाज पाण्याखालून यावा तसा यायचा. नदीचा धडा वाचला तेव्हा गोधडीच्या हिरव्या पट्ट्यातून गोदावरी आत आली, माझ्या पायाशी पसरली आणि मुलांनी पाय वर घेतले. एका परिच्छेदानंतर मी विचारलं, "कळलं का?" आणि पुढच्या रांगा झाल्यावर शेवटच्या रांगेकडे बघत राहिलो. खिडकीखाली कुणीतरी विचार करत होतं. त्याचा विचार होईपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "बरोबर. आता पान उलटा." पान उलटल्याचा आवाज मला सगळीकडून आला.

बाहेर आल्यावर मात्र लाज वाटायची. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस पांघरुणात शिरून नसलेल्या मुलांशी बोलतो. ताराला विचारलं, कसं वाटतं ऐकायला?

"मला काय विचारता? मी न्हाई चौथीला," ती म्हणाली. "मी भांडी थांबवून ऐकते, तेवढं सांगते."

समुद्राचा धडा मी शेवटपर्यंत मागं ठेवला. नवीन पुस्तकातला समुद्र निराळा होता, चित्रंही चकचकीत होती, पण माझी अडचण जुनीच होती. त्या दिवशी आत बसलो, ठिपका लागला आणि पुस्तक मिटून मी म्हणालो, "मुलांनो, आज समुद्राचा धडा आहे. मी समुद्र पाहिलेला नाही." एवढंच. पुढं बराच वेळ मी काही बोललो नाही. मग पुस्तक उघडलं आणि वाचलं.

चार दिवसांनी अक्षताचा फोन आला. "सर, तुमच्याकडून काही दाबलं जातंय का? मधी मधी आवाजच जातो. कळलं का म्हणता अन् मंग आठ-दहा सेकंद काहीच न्हाई. एका जागी तर मी मोजलं, बावीस सेकंद."

माझे कान तापले. मी थांबत होतो हे मला ठाऊक होतं, पण ते थांबणंही त्यात भरलं जात होतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वर्गातली सवय. जिवंत मुलांसमोर ठीक होती, पण इथं माझ्या प्रश्नानंतर नुसता खड्डा पडत होता.

"काढून टाका ते," मी म्हणालो. "मी परत वाचतो. किंवा राहू द्या, दुसऱ्या कुणाला..."

"काढते मी. मोबाईलवर काढता येतं, जल्दी होतं. अन् सर, अकराव्या धड्याच्या शेवटी तुम्ही घोरलात."

"तेही काढा."

"ते ठेवते," ती म्हणाली.

पण काही काढणं झालं नाही. टोळीची गाडी ठरल्यापेक्षा पाच दिवस आधी आली. अक्षता सकाळी शाळेत पोचली तर भांडीकुंडी चढवून झाली होती. तिने चालू गाडीवर हात उंचावून अकरा कार्डं दिली. खड्डे, घोरणं, सगळ्यासकट. हे तिने मला घाबरत सांगितलं. मी म्हणालो, असू दे. मनात म्हणालो, बरं झालं, तिथं ऐकणार कोण आहे.

दिवाळी झाली. थंडी पडली. मी पुन्हा माझ्या पुस्तकांत गेलो. गोधडी पलंगावर गेली. कधी कधी दुपारी तिच्यावर आडवा झालो की हजेरीतली नावं ओठांवर यायची. प्रीती, प्रितम. त्या मुलांना मी एकदाही पाहिलं नव्हतं. डोळा लागला की ती उसाच्या सरीतून चालत जाताना दिसायची. प्रत्येकाच्या मुठीत काळा नखाएवढा तुकडा, आणि त्याच्यातून बारीक आवाजात कुणीतरी विचारायचं, कळलं का. सरी संपायचीच नाही. ती मुलं जूनमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात की नाही हे बघायच्या आत मला जाग यायची.

संक्रांतीच्या तोंडावर अक्षताचा फोन आला. ती हसत होती की रडत होती, मला ओळखता येईना.

"सर, तुमचा धडा ट्रॅक्टरवर वाजून राह्यला."

"कुठं?"

"कारखान्यावर! ऊस वाहायच्या ट्रॅक्टरला हे मोठाले स्पीकर असतेत ना, दिवसभर गाणी चालू. राधेश्याम म्हणून ड्रायव्हर आहे. पोरांनी त्याला लई पिडलं, आमचं कार्ड लाव, आमचं कार्ड लाव. एक दिवस गाडी भरेपर्यंत लावलं त्यानं. आता रोज लावतो. ट्रॅक्टर फडात उभा, गाडी भरणं चालू, अन् तुम्ही अर्ध्या फडाला ऐकू जाता."

मी फोन कानापासून दूर धरला. ज्या माणसाला शाळेच्या स्नेहसंमेलनात माईकसमोर दोन वाक्यं बोलता आली नाहीत, त्याचा आवाज ट्रॅक्टरवरून उसाच्या फडात जात होता. घोरण्यासकट.

"लोक हसत असतील," मी म्हणालो.

"हसतेत ना. घोरलात की बायका कोयते टेकवून हसतेत. सर, थांबा. प्रीतीनं आवाज पाठवलाय मुकादमाच्या फोनवरून. तुम्हाला पाठवते. तुम्हीच ऐका."

तो निरोप मी त्या दुपारी किती वेळा ऐकला ते सांगत नाही. पहिल्यांदा नुसता खळखळ आवाज होता, लांबून येणारा, भरणारा, परत जाणारा. मला वाटलं मी भलतंच काही दाबलं. मग मुलीचा आवाज आला.

"सर, मी प्रीती. आम्ही समुद्राच्या धड्यापोतर आलोत. तुम्ही म्हणलात, मी समुद्र पाह्यला न्हाई. आम्हीबी न्हाई पाह्यला. माझी आजी म्हणती, हवा सुटली की ऊस वाजतो तसाच आसंल. हे बघा, ऐका." पुन्हा ती खळखळ. ती बोलायची थांबली होती, फोन उसाकडे धरून. "अन् सर, तुम्ही इचारता ना, कळलं का, मंग थांबता. तवा आम्ही सगळे वरडतोत, हो. न्हाई कळलं तर न्हाई म्हणतोत. प्रितम हळू बोलतो, त्याचं होईपोतर तुम्ही बराबर थांबता. टीव्हीतली बाई थांबत न्हाई. पण सर, आम्ही बोलतोत ते तुम्हाला ऐकू येतं का?"

एवढ्यावर निरोप संपत होता.

 बाहेर जेवणासाठी कुठल्याशा ऑफिसचं शटर खाली आलं. मला वाटलं, अजून दोन दिवस विचार करू. नीट शब्द जुळवू. लहान मुलीला आपण काय सांगतो हे महत्त्वाचं असतं. कागद घेऊन आधी लिहून काढू. आणि हात खरंच कागदाकडे गेला, तेव्हा मला तो हात ओळखता आला. एकतीस वर्षांपूर्वीचाच होता.

मी ताराला हाक मारली. "हे परत पाठवायचं कसं?"

"हे दाबून धरायचं, बोलायचं अन् सोडायचं."

मी दाबून धरलं. "प्रीती, मार्तंड सर बोलतो. ऐकू आलं. सगळ्यांचं ऐकू आलं. प्रितमचंही आलं." आणि सोडलं. आवाज कापत होता. परत ऐकलं असतं तर पाठवला नसता, पण तो गेलेला होता.

तारा दाराला टेकून उभी होती. "तासाच्या आत जवाब," ती म्हणाली. "आता दुसरं राह्यलेलं बी देऊन टाका."

"कोणतं दुसरं?"

"शब्दकोशातलं. दर दिवाळीला पुस्तकं कोण झटकतं या घरात? एकतीस वेळा झटकलं. भाताचं शीत पडू न्हाई म्हणून जपून."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी बोललात?"

ती आत गेली. मी शब्दकोश काढला. पत्र घड्यांवर पिवळं पडलं होतं, पण पेन्सिल जशीच्या तशी होती. मी कागद घेतला. वर "चि. बेबीनंदा हिस अनेक आशीर्वाद" असं लिहिलं आणि तो कागद बाजूला ठेवला. आशीर्वाद द्यायचा मला काय हक्क होता? दुसऱ्या कागदावर नुसतं "बेबीनंदा" लिहिलं. मनातल्या मनात तो कागद फाडायच्या आत पुढं लिहीत गेलो.

"बेबीनंदा, तुझं पत्र पोचलं होतं. जानेवारीत, पहिल्या आठवड्यात. तू टाकलंस, पोस्टाने आणलं, माझ्या हातात आलं. तुझ्या आईचं म्हणणं बरोबर नव्हतं, मी ते कचऱ्यात टाकलं नाही. पण तुझंही बरोबर नव्हतं. पोचूनही मी उत्तर दिलं नाही. पुढचा धडा समुद्राचा होता. मी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून मला लिहायची भीती वाटली. तू मला समुद्र दाखव म्हणाली नव्हतीस, वाचून दाखव म्हणाली होतीस. तेवढं मला येत होतं. तू जूनमध्ये आली नाहीस यात माझा किती वाटा आहे, ते मला माहीत नाही. वाटा आहे एवढं माहीत आहे.

तुझ्या मुलीसाठी धडे वाचताना मी मधे मधे थांबलो. तिने तुला सांगितलं असेल. तो सगळा वेळ तुझा होता. मुलांनी तो वापरला, हे त्यांचं मोठेपण.

सोबत धडा लिहून पाठवतो आहे. जुन्या पुस्तकातला, तुझा."

मग मी धडा लिहायला घेतला. जुनं पुस्तक माझ्याकडे होतं. तीन पानं झाली. जिथं मी वर्गात थांबत असे तिथं दोन ओळी रिकाम्या सोडल्या. शेवटी एक ओळ माझी घातली: उसाला हवा लागली की असाच आवाज होतो, असं प्रीतीची आजी म्हणते.

"फोन करा की तिला," तारा म्हणाली. "अक्षताकडून नंबर घ्या."

"पत्र पोस्टाने आलं होतं."

"बरं. मंग पाकिटाला डिंक नीट लावा. भात न्हाई आज."

स्टेशनसमोर पोस्टाची लाल पेटी आहे. तिच्याभोवती रिक्षा लागलेल्या असतात, आणि तिच्यात कुणी काही टाकताना मी अलीकडे पाहिलेलं नाही. एका रिक्षावाल्याने पेटीवर कोपर टेकलं होतं. अक्षताच्या शाळेचा पत्ता घातलेलं पाकीट हातात घेऊन मी उभा राहिलो तसा तो म्हणाला, "काका, ही उघडतेत का अजून?"

पेटीवर वेळेची पाटी होती. मी ती दोनदा वाचली. साडेचारला उघडतात. चारला दहा कमी होती. मी तिथंच फलाटाच्या भिंतीला टेकून थांबलो. एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. साडेचारला खाकी पिशवी घेऊन पोस्टमन आला आणि त्याने पेटी उघडली. आत चार-पाच पाकिटं होती.

मी पाकीट त्याच्या हातात द्यायला गेलो. तो म्हणाला, "पेटीतच टाका ना काका, उघडीच आहे."

मी टाकलं. ते बाकीच्या पाकिटांवर पडलं. त्याने सगळी एकदम उचलली आणि पिशवीत घातली.